वाचक विचारतात : डोक्यावर पंखा असलेलं ते विमान

प्रश्न : घरातलं जुनं सामान काढताना आजोबांच्या एका इंग्रजी मासिकाचं फाटकं पान सापडलं. त्यावर एका विमानाचा फोटो आहे, नाकावर नेहमीचा पंखा आणि डोक्यावर हेलिकॉप्टरसारखी तीन पाती. खाली 'ऑटोजायरो' एवढंच वाचता येतं. मुलगा म्हणतो हा हेलिकॉप्टरचा फसलेला प्रयत्न असणार. खरं आहे का? आणि फोटो कधीचा असेल?
– एक वाचक, वाई

उत्तर : फसलेला कसला, हेलिकॉप्टर ज्याच्याकडून शिकलं ते हे यंत्र! तुमच्या मुलासारखंच बऱ्याच जणांना वाटतं म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पहिली गंमत म्हणजे वरची पाती उडताना इंजिनवर चालतच नाहीत. इंजिन फक्त नाकावरचा पंखा फिरवतं, त्याने यंत्र पुढे जातं, आणि वरची पाती किंचित मागे कललेली असल्यामुळे वारा खालून वर त्यांच्यातून जातो आणि ती आपली आपण फिरत राहतात. जत्रेतलं भिरभिरं हातात धरून पोरं पळत सुटतात ना, त्याला कुठे मोटर असते? तसंच. फक्त ही पाती फिरता फिरता पंखांसारखं उचलायचं कामही करतात. सुरुवातीच्या काळात तर उड्डाणाआधी पात्यांखालच्या खुंट्यांना दोर गुंडाळून माणसं तो खेचायची, अगदी भोवऱ्यासारखं. इंजिनाचा जोर क्लचने देऊन जमिनीवरच पाती फिरवायची सोय नंतर आली.

हे डोकं स्पेनच्या हुआन दे ला सिएर्वाचं. 1919 साली त्याने बनवलेलं तीन इंजिनांचं विमान जमिनीजवळ वेग कमी झाल्यामुळे स्टॉल होऊन, म्हणजे पंखांची उचल संपून, पडलं, आणि वेग गेला तरी दगडासारखं खाली येणार नाही असं काहीतरी करायचंच हे त्याने मनावर घेतलं. पहिली तीन यंत्रं मात्र जमलीच नाहीत, उडायला गेलं की एका बाजूला कलंडायची. कारण असं की पुढे जाताना एका बाजूचं पातं वाऱ्याला सामोरं येतं आणि दुसऱ्या बाजूचं वाऱ्यासोबत मागे पळतं, मग एकीकडे उचल जास्त, दुसरीकडे कमी. त्याच्या छोट्या मॉडेलला हा त्रास नव्हता कारण त्याची पाती लवचिक होती, आणि नेमकं तिथेच त्याला उत्तर मिळालं : पातं मधल्या दांड्याला घट्ट न बसवता बिजागरीवर बसवायचं. जास्त उचल मिळाली की पातं वर जातं आणि उचल कमी होते, दुसऱ्या बाजूचं खाली येतं आणि तिथली वाढते, हिशेब आपोआप जुळतो. आपल्या दाराला असते तशी बिजागरी, बस! जानेवारी 1923 मध्ये माद्रिदजवळ हेताफेला त्याचं चौथं यंत्र, सी-4, नीट उडालं, आणि काही दिवसांनी हवेत इंजिन बंद पडलं तरी हळूहळू खाली येऊन सुखरूप टेकलं.

पुढची काही वर्षं मग नुसती धमाल. 1928 ला सिएर्वा स्वतः इंग्लिश खाडी ओलांडून पॅरिसला गेला, 1931 मध्ये अमेरिकेत पिटकेर्न कंपनीचं ऑटोजायरो थेट व्हाइट हाउसच्या हिरवळीवर उतरलं, आणि त्याच महिन्यात प्रसिद्ध वैमानिक अमेलिया इअरहार्टने तसलंच यंत्र 18,415 फुटांवर नेलं. 1939 ला तर फिलाडेल्फियात पोस्टाच्या इमारतीच्या गच्चीवरून टपालसेवा सुरू झाली, म्हणजे टपाल अक्षरशः वरून येत होतं!

मग मागे का पडलं? कारण वारा नसताना ते हवेत एका जागी थांबू शकत नाही, पुढे सरकत राहावंच लागतं. 1936 मध्ये जर्मनीत फोके या इंजिनिअरचं हेलिकॉप्टर उडालं आणि सगळ्यांचं लक्ष तिकडे गेलं. पण हा फोके आधी सिएर्वाचंच ऑटोजायरो लायसन्सवर बनवत होता! आणि आजही हेलिकॉप्टरचं इंजिन बंद पडलं की पायलट पाती वाऱ्यावर फिरती ठेवून खाली उतरतो, ती ऑटोजायरोचीच युक्ती. सिएर्वा मात्र 1936 च्याच डिसेंबरमध्ये लंडनजवळच्या क्रॉयडनहून धुक्यात निघालेल्या प्रवासी विमानाच्या अपघातात गेला, वय अवघं 41. ते विमान नेहमीच्या पंखांचं होतं. वाचलं की अजूनही चुटपुट लागते.

आता तुमचा फोटो. भिंग घेऊन बघा. बाजूला छोटे पंख दिसत असतील तर बहुधा 1930 च्या आसपासचं यंत्र. पंखच नसतील आणि वरच्या पात्यांच्या मुळापासून एक दांडा खाली मागच्या सीटवरच्या पायलटच्या हातापर्यंत लटकत असेल, तर सिएर्वाचं सी-30, म्हणजे साधारण 1934 किंवा नंतरचं. ब्रिटिश हवाई दलाने दुसऱ्या महायुद्धात रडार तपासून घ्यायला हीच वापरली होती, त्यामुळे शेपटीजवळ गोल निशाणी आहे का तेही बघा आणि कळवा.