एकाच युरेनियमपासून वीजही होते आणि बॉम्बही. मग अणुवीज वाढवताना बॉम्बचा धोका कमी कसा करणार?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अणुबॉम्बचा धोका कमी करा असंही म्हणायचं आणि अणुवीज जगभर वाढू द्या असंही म्हणायचं, हे एकदम जमणार कसं? आंतरराष्ट्रीय सहकार्य म्हणजे शेवटी परिषदा आणि फोटोच ना?

परिषदा आणि फोटो भरपूर असतात, खरं आहे. पण जिथे हे जमलं तिथे ते भाषणांनी जमलेलं नाही, हिशेबाच्या वह्यांनी जमलंय. आणि जिथे फिसकटलं तिथे बहुतेक वेळा एक तर वही ठेवलीच नव्हती, नाही तर पुरवठा करणाऱ्याने मधेच शब्द फिरवला होता.

माझं बालपण तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या कॉलनीत गेलं. वडील तिथे नोकरीला होते. मी स्वतः कॉलेजात फिजिक्स शिकवतो, त्यामुळे खाली जे लिहितोय त्यातलं काही घरातून आलंय, काही वाचनातून.

आधी विज्ञान, दोन ओळींत. खाणीतल्या युरेनियममध्ये कामाचं युरेनियम-२३५ फक्त ०.७ टक्के असतं. तारापूरसारख्या अणुभट्टीला २ ते ५ टक्के लागतं, बॉम्बला ९० च्या आसपास. हे प्रमाण वाढवणं म्हणजेच समृद्धीकरण. गंमत (गंमत कसली म्हणा) अशी की ०.७ वरून ४ वर नेण्यातच निम्म्याहून जास्त मेहनत खर्ची पडते, पुढचा रस्ता उताराचा आहे. आणि यंत्रं तीच. शिवाय कोणतीही युरेनियम भट्टी चालली की जळक्या इंधनात प्लुटोनियम तयार होतंच, आणि त्याचाही बॉम्ब होतो. म्हणजे ‘शांततेचा अणू’ आणि ‘युद्धाचा अणू’ असे दोन वेगळे अणू नसतात. तुमची शंका रास्त आहे.

आता आपल्याच महाराष्ट्रातल्या दोन भट्ट्या घ्या. तुर्भ्याची सायरस आणि तारापूर. दोन्हींत शंभर-सव्वाशे किलोमीटरचं अंतर, दोन्ही परदेशी मदतीने उभ्या राहिलेल्या.

सायरस कॅनडाने दिली, १९५६ च्या कराराने, आणि तिच्यासाठीचं जड पाणी अमेरिकेने. नावातच दोन्ही देश आहेत: कॅनडा, इंडिया, आणि शेवटी यू. एस. तेव्हा अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर यांच्या ‘शांततेसाठी अणू’ या १९५३ च्या भाषणाचा भर होता. व्हिएन्नाची आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था (पुढे नुसतं ‘एजन्सी’ म्हणतो) अजून जन्मायची होती, ती १९५७ ची. त्यामुळे सायरसच्या करारात ‘फक्त शांततामय वापर’ एवढे शब्द होते. तपासायला कोणी येणार नाही, कुलूप नाही, कॅमेरा नाही. बोलाचीच कढी. १८ मे १९७४ ला पोखरणमध्ये जो स्फोट झाला, त्यातलं प्लुटोनियम याच सायरसमधलं. आपण त्याला ‘शांततामय स्फोट’ म्हणालो. कॅनडाने ते मान्य केलं नाही आणि सहकार्य थांबवलं. मला आपल्या शास्त्रज्ञांच्या कामाचा अभिमान आहे, पण कॅनडाच्या जागी मी असतो तर मीही चिडलो असतो.

तारापूरचा करार १९६३ चा. इंधन समृद्ध युरेनियमचं, ते अमेरिकेने तीस वर्षं पुरवायचं, आणि बदल्यात प्रत्येक ग्रॅमचा हिशेब द्यायचा, बाहेरच्या निरीक्षकांना आत येऊ द्यायचं. १९६९ मध्ये दोन्ही युनिट सुरू झाली. तारापूरच्या भट्ट्यांतही प्लुटोनियम तयार झालं, पण त्यातलं काही पोखरणला गेलं नाही. देश तोच, सरकार तेच, शास्त्रज्ञही जवळपास त्याच पिढीतले. फरक एका वहीचा.

ही वही म्हणजे प्रत्यक्षात काय, ते जरा जवळून सांगतो, कारण पेपरात ‘सुरक्षा उपाय’ एवढंच छापून येतं आणि डोळ्यांसमोर काही उभं राहत नाही.

तुमच्या घराच्या वीजमीटरला सील असतं ना, तसंच समजा. वर्षानुवर्षं वापरात असलेलं एजन्सीचं सील धातूचं, बाटलीच्या बुचाएवढं, दोन भागांचं. भांड्याच्या किंवा झाकणाच्या कडीतून तार ओवायची, तिची टोकं त्या बुचात अडकवायची आणि बूच दाबून बंद करायचं. मोडल्याशिवाय उघडत नाही. वर नंबर असतोच, पण नंबर कोणीही कोरेल. खरी खूण आतल्या बाजूला असते. तिथे वेडेवाकडे ओरखडे असतात आणि सील व्हिएन्नाहून निघण्याआधी त्यांचा फोटो काढून ठेवलेला असतो. निरीक्षक पुढच्या फेरीला तार कापून जुनं सील घेऊन जातो, नवं लावतो, आणि व्हिएन्नात ते उघडून ओरखडे जुळवून बघतात.

जळकं इंधन मात्र खोल पाण्याच्या टाकीत ठेवतात. तिथे निरीक्षक टाकीवरच्या पुलावर उभा राहून एका दुर्बिणीसारख्या यंत्रातून सरळ खाली बघतो. खरं जळकं इंधन पाण्यात निळं चमकतं, त्याला चेरेन्कोव्ह प्रकाश म्हणतात. खरं काढून त्याजागी लोखंडी सांगाडा ठेवलात तर तो चमकणार नाही. वडील म्हणायचे, “तळ्यात कोणी निळी ट्यूबलाइट लावून विसरून गेलंय असं वाटतं.” निरीक्षकांना ते कॉलनीच्या भाषेत ‘ऑडिटवाले’ म्हणत. ऑडिटवाले आले की आठवडाभर घरी उशिरा जेवण.

आणि या ऑडिटचे आकडे ठरलेले आहेत. एका बॉम्बला पुरेल इतका माल म्हणजे ८ किलो प्लुटोनियम, किंवा अतिसमृद्ध युरेनियममधलं २५ किलो युरेनियम-२३५, असं एजन्सी धरते. तेवढा माल गायब झालाच तर वेळेत कळलं पाहिजे: थेट वापरता येण्याजोगा असेल तर महिन्याभरात, जळक्या इंधनातला असेल तर तीन महिन्यांत, वीज केंद्राचं साधं इंधन असेल तर वर्षभरात. बारकावा लक्षात घ्या. एजन्सी पोलीस नाही. ती चोराला पकडत नाही, ती बॉम्ब तयार व्हायच्या आत ओरडते, एवढंच.

ही पद्धत एकदा सपशेल फसली आहे, तेही सांगायला हवं. १९९१ पर्यंत इराकमध्ये जाहीर केलेल्या जागांचं ऑडिट रीतसर होत होतं आणि न जाहीर केलेल्या जागी बॉम्बचं काम चालू होतं. वहीत न लिहिलेली गोष्ट वही तपासून कशी सापडणार? म्हणून १९९७ मध्ये ‘अतिरिक्त प्रोटोकॉल’ आला, म्हणजे न जाहीर केलेल्या जागांचीही चौकशी करू देणारा जादा करार. त्याच सुमारास निरीक्षक सुती फडक्यांनी भिंती, टेबलं, यंत्रं पुसून तीच फडकी प्रयोगशाळेत नेऊ लागले. डोळ्यांना न दिसणारा युरेनियमचा कण किती समृद्ध आहे हे त्यातून कळतं. घर कितीही झाडा, कोपऱ्यात पीठ राहतंच.

इथवर घेणाऱ्याची बाजू झाली. पण घोडं पेंड खातं ते देणाऱ्याच्या बाजूला.

पोखरणनंतर सात देश १९७५ मध्ये लंडनला जमले आणि अणुपुरवठादार गट उभा राहिला. शीतयुद्ध चालू असताना अमेरिका आणि सोव्हिएत रशिया त्यात एका टेबलाला बसले, हे विसरू नये. पुढे १९७८ मध्ये अमेरिकेने स्वतःचा नवा कायदा केला: सगळ्याच भट्ट्या तपासणीला खुल्या करा, नाही तर इंधन नाही. झळ कोणाला? तारापूरला, जिथे आधीपासून तपासणी होतीच! १९८० मध्ये अध्यक्ष कार्टर यांनी ३८ टन इंधन पाठवायचं ठरवलं तेव्हा सिनेटमध्ये ४८ विरुद्ध ४६ अशा फरकाने ते कसंबसं सुटलं. १९८२ मध्ये फ्रान्सकडून पुरवठ्याचं ठरलं. नंतर चीनने दिलं, मग रशियाने. चुलीत लाकूड कुणाचं येणार हे दर काही वर्षांनी बदलतंय, असं ते स्वयंपाकघर. मजा म्हणजे तीस वर्षांचा मूळ करार १९९३ मध्ये संपल्यावरही भारताने तारापूरची तपासणी चालू ठेवली.

यातून बाकीच्या देशांनी काय धडा घेतला असेल? की दुसऱ्याच्या इंधनावर वीज केंद्र उभारू नका, समृद्धीकरणाचा कारखाना स्वतःच काढा. आणि तोच कारखाना बॉम्बच्या वाटेवरचा. म्हणजे बॉम्ब थांबवायला इंधन अडवलं की बॉम्बचीच यंत्रं वाढण्याची भीती.

याला मला माहीत असलेलं सर्वांत शहाणं उत्तर कझाकस्तानात आहे. तिथल्या सेमिपलातिन्स्कला सोव्हिएत काळात ४५६ अणुचाचण्या झाल्या. स्वतंत्र झाल्यावर त्या देशाने वारशात आलेली अण्वस्त्रं सोडून दिली. उस्त-कामेनोगोर्स्क शहरातल्या उल्बा कारखान्यात सुमारे ६०० किलो अतिसमृद्ध युरेनियम पडून होतं, ते १९९४ मध्ये गुपचूप विमानांनी अमेरिकेला नेलं. आणि आज त्याच उल्बा कारखान्यात एजन्सीची इंधन बँक आहे, २०१७ मध्ये उद्घाटन झालेली, ९० टन कमी समृद्ध युरेनियमची. राजकीय कारणाने एखाद्या देशाचं इंधन कोणी अडवलं, तर त्याने इथून विकत घ्यायचं, अट देशातल्या सगळ्या अणुकेंद्रांच्या तपासणीची. बँकेच्या सुरुवातीच्या पैशांत अमेरिकन अब्जाधीश वॉरन बफे यांचे ५ कोटी डॉलरही आहेत. तारापूरचं इंधन अडलं तेव्हा अशी, पण आपल्यालाही चालेल अशा अटीची बँक असती तर आपल्याकडची बरीच कटुता टळली असती असं मला वाटतं.

धोका कमी करून वीज वाढवण्याचं अक्षरशः उदाहरण हवं असेल तर रशिया-अमेरिकेचं घ्या. टॉमस नेफ नावाच्या एमआयटीतल्या भौतिकशास्त्रज्ञाने ऑक्टोबर १९९१ मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये एक लेख लिहिला: सोव्हिएत बॉम्बमधलं युरेनियम पातळ करून अमेरिकेच्या वीज केंद्रांना विकू द्या. १९९३ मध्ये खरंच करार झाला. बॉम्बमधल्या धातूचा कीस काढायचा, त्याचा वायू करायचा आणि सुमारे दीड टक्क्याच्या युरेनियममध्ये मिसळून ४-५ टक्क्यांवर आणायचा. दाट काढ्यात पाणी ओतावं तसं. वीस वर्षांत ५०० टन, म्हणजे सुमारे २०,००० बॉम्बचा माल असा संपला. शेवटचा साठा डिसेंबर २०१३ मध्ये बाल्टिमोर बंदरात उतरला. त्या काळात अमेरिकेतल्या दर दहा दिव्यांतला एक या इंधनावर जळत होता. रशियाला पैसे मिळाले, अमेरिकेला इंधन. प्रेमापोटी कोणी काही केलं नाही, आणि म्हणूनच ते टिकलं असावं.

इराणचं उलट झालं. २०१५ च्या कराराने समृद्धीकरणाला ३.६७ टक्क्यांची आणि साठ्याला ३०० किलोची मर्यादा आली, सील आणि कॅमेरे लागले, जादा माल जहाजाने रशियाला गेला. २०१८ मध्ये अमेरिका करारातून बाहेर पडली, २०२१ पासून इराण ६० टक्क्यांवर गेला. जून २०२५ मध्ये इराणच्या अणुकेंद्रांवर बॉम्बफेक झाली तोवर तसा माल ४०० किलोंहून जास्त साठला होता, आणि त्यानंतर कित्येक महिने निरीक्षकांना तो बघताही आला नाही. वही होती तेव्हा निदान आकडा तरी ठाऊक होता.

भारताला २००८ मध्ये पुरवठादार गटाने, सगळ्या भट्ट्या तपासणीला खुल्या नसतानाही इंधन विकत घ्यायची सूट दिली, त्याबद्दल लोक मला नेहमी विचारतात. फायदा उघड आहे: युरेनियमअभावी आपल्या भट्ट्या निम्म्या क्षमतेच्या आसपास चालत होत्या, नंतर कझाकस्तान, रशियाकडून माल आला आणि २०१५ पासून चक्क कॅनडाकडूनही. २२ पैकी १४ भट्ट्या तपासणीखाली गेल्या. पण ८ बाहेर राहिल्या, आणि बाहेरचं युरेनियम विजेला मिळाल्यावर घरचं बॉम्बला मोकळं होतं, हा आक्षेप खोटा नाही. आपण भारतीय आहोत म्हणून तो कानाआड करू नये. (जैतापूरचं इथे मुद्दाम लिहीत नाही. तिथलं भांडण जमिनीचं, मासेमारीचं आणि भूकंपाचं आहे, बॉम्बचं नाही.)

शेवटी एक छोटी गोष्ट, जी बातम्यांत दोन ओळींत येते. भारत आणि पाकिस्तान १९९२ पासून दर १ जानेवारीला आपापल्या अणुकेंद्रांची यादी एकमेकांना देतात, कारण या केंद्रांवर हल्ला करायचा नाही असा करार १९८८ मध्ये झालेला आहे. कारगिल झालं, संसदेवर हल्ला झाला, पुलवामा झालं. यादी दर वर्षी गेली. त्यातली नावं जाहीर होत नाहीत, पण तारापूर त्यात असणारच. आई अजून तारापूरजवळ बोईसरलाच राहते. नवीन वर्षाला तिला फोन करायच्या आधी मी ती दोन ओळींची बातमी शोधून वाचतो.