बौद्धिक अक्षमता ही निव्वळ वैद्यकीय बाब आहे, की समाज ती ठरवतो?
दोन्ही: क्षमतेतला फरक खरा असतो, पण रेषा कुठे आखायची ते समाज ठरवतो. अमेरिकेत या क्षेत्रातल्या प्रमुख व्यावसायिक संघटनेची १९६१ ची व्याख्या बुद्ध्यंक ८५ पर्यंत पोचत होती, म्हणजे त्याखालची माणसं अक्षम ठरू शकत. १९७३ मध्ये तीच मर्यादा ७० च्या आसपास आणली. माणसं तीच, व्याख्या बदलली. चाचण्याही निष्पक्ष नव्हत्या. कॅलिफोर्नियात बुद्ध्यंक चाचणीच्या आधारे कृष्णवर्णीय मुलं बौद्धिक अक्षमतेच्या विशेष वर्गांत प्रमाणाबाहेर ढकलली जात. १९७९ च्या ‘लॅरी पी.’ निकालात न्यायालयाने त्यांच्यासाठी बुद्ध्यंक चाचणीच्या अशा वापराला मनाई केली. त्या मुलांची वाया गेलेली शाळेची वर्षं कोण भरून देणार? मात्र हे मुख्यतः सौम्य अक्षमतेबद्दल. डाउन सिंड्रोमचं मूळ गुणसूत्रांत असतं. तिथे समाजाच्या हाती शिक्षण, आधार आणि वागणूक उरते.