अंगावर काटा आला म्हणजे कथा चांगली असते का?

मन काळवंडून टाकणारी लघुकथा वाचून अंगावर काटा आला, तर तेवढ्यावरून ती उत्तम म्हणावी का, असं तुम्ही विचारलंय. मी नाही म्हणेन. लहान मुलाला इजा झाली, मुक्या जनावराचा छळ झाला, की वाचक कळवळतोच. त्यात विषयाचा भार किती आणि लेखकाचं कसब किती, हे वेगळं काढावं लागतं.

त्यासाठी मी कथा पुन्हा वाचतो, शेवट माहीत असताना. अमेरिकन लेखिका शर्ली जॅक्सन यांची ‘द लॉटरी’ ही कथा १९४८ साली ‘द न्यूयॉर्कर’ या साप्ताहिकात आली. उन्हाळ्यातली लख्ख सकाळ, गावकरी चौकात जमतायत, आणि सुरुवातीलाच पोरं खिशात दगड भरतायत. पहिल्या वेळी तो खेळ वाटतो. शेवटी त्याच दगडांनी गावकरी आपल्यातल्याच एका बाईला मारतात, हे माहीत असल्यानं दुसऱ्या वेळी त्या दगडांवरून नजर हलत नाही. लेखिकेनं ते आपल्यासमोर उघड्यावर ठेवलेले असतात. याउलट, शेवटच्या ओळीत धक्का देण्यासाठीच माहिती दडवणारी कथा (निवेदक आधीच मेलेला होता वगैरे) दुसऱ्या वाचनात पोकळ वाजते.

मग भाषा. ‘भयाण शांतता’, ‘काळीज गोठवणारी किंकाळी’ असं लिहिलं की वाचकानं घाबरायचं ते लेखकच घाबरून मोकळा होतो. त्याऐवजी हे वाक्य बघा: ‘तिनं रोजच्यासारखी मुलाची चप्पल दारातून उचलून आत ठेवली.’ मूल जाऊन तीन वर्षं झाली, हे आधी येऊन गेलं असेल तर इथे एकही विशेषण लागत नाही.

लघुकथा एका बैठकीत संपावी आणि तिचा सगळा रोख एकाच परिणामाकडे असावा, असं भयकथांसाठी प्रसिद्ध अमेरिकन लेखक एडगर ॲलन पो यांनी १८४२ साली त्यांचे समकालीन लेखक नथॅनियल हॉथॉर्न यांच्या कथांवर लिहिताना मांडलं होतं. भयकथा तपासताना मला ते पदोपदी आठवतं. ताण चढत असताना मध्येच घराण्याचा इतिहास सुरू झाला, किंवा शेवटी कुणीतरी सगळं समजावून सांगायला बसलं, की चढलेली भीती उतरते.

आणि सगळ्यात जास्त मी बळी पडणाऱ्या पात्राकडे बघतो. त्याची एखादी सवय, एखादा हट्ट, अर्धवट राहिलेलं काम कथेत आहे का? की त्याला फक्त मारायलाच आणलंय? तसं असेल तर भाषा कितीही घोटीव असो, ती कथा मी बाजूला ठेवतो.