नेमकी माशी शिंकली कुठे? ('ब्रेकिंग बॅड'चा तो एपिसोड स्किप करू नका)

तुम्ही विचारलंय की 'ब्रेकिंग बॅड' दुसऱ्यांदा बघायला घेतलीय, तिसऱ्या सीझनचा दहावा एपिसोड 'फ्लाय' पहिल्या वेळी प्रचंड बोअर झाला होता, दोन माणसं (मेथ नावाचं ड्रग बनवणारा मास्तर वॉल्ट आणि त्याचा जोडीदार जेसी) पाऊण तास एका माशीच्या मागे धावतात आणि बाकी काही घडतच नाही, तर या वेळी स्किप मारू का. नका मारू. दुसऱ्यांदा बघताना तर अजिबातच नका, कारण ज्याला शेवट माहितीये त्यालाच हा एपिसोड खरा लागतो. (ज्यांची मालिका बघून व्हायचीय त्यांनी इथूनच परत फिरा, पुढे सगळं फोडणारे.)

तुम्हाला बोअर झालं यात नवल काही नाही. हा आला २३ मे २०१० ला आणि तेव्हापासून भांडणं चालू आहेत, आयएमडीबी या सिनेमा-मालिकांच्या साइटवर अख्ख्या मालिकेत सगळ्यात कमी रेटिंग याच एपिसोडला आहे. लोकांचा राग मी समजू शकतो. तीनच एपिसोड आधी वॉल्टच्या साडूवर, ड्रगवाल्यांना पकडणाऱ्या हँकवर, पार्किंग लॉटमध्ये हल्ला झालेला, माणूस हॉस्पिटलात पडून आहे, ज्याच्यासाठी हे माल बनवतात त्या गसचं काय चाललंय कळत नाहीये, सीझन संपायला तीन भाग राहिलेत, आणि अशा वेळी हे दोघं लॅबमध्ये माशी मारत बसलेत! आठवडाभर वाट बघून ज्यांनी टीव्हीवर बघितला असेल त्यांनी रिमोट आपटला असणार.

आता हा असा का केला, तर मुळात पैसे नव्हते म्हणून. त्या सीझनचं बजेट हाताबाहेर गेलं होतं, बाहेर शूटिंग करायचं तर ट्रक, लाइट, माणसं सगळं हलवावं लागतं, त्यापेक्षा तयार सेटवर दोन नटांना घेऊन एक भाग उरकू असा विचार. मालिकेचा निर्माता विन्स गिलिगनने हे स्वतः कबूल केलंय. अमेरिकन टीव्हीत याला बॉटल एपिसोड म्हणतात. आपल्याला खरं तर यात अवघड वाटायला नको, एक सेट आणि दोन पात्रं यावर आपण अख्खी दोन-तीन अंकी नाटकं बघत आलोय. पण क्राइम सिरीज लावली की आपल्याला बंदूक हवी असते, पोलिसाची गाडी हवी असते, ते जाऊ दे.

सुरुवात कशाने होते ते नीट बघा. माशीने नाही होत, हिशोबाने होते. (टायटलच्या आधी माशीचे क्लोजअप आणि मागे अंगाई येते, पण ती अंगाई आत्ता बाजूला ठेवा, तिच्यावर येतोच.) वॉल्ट कागद घेऊन बसलाय आणि त्याचं म्हणणं की माल ०.१४ टक्के कमी भरतोय. ऐकायला काहीच नाही ना? पण गसबरोबर ठरलेलं आठवड्याला २०० पौंड, म्हणजे ९० किलोच्या आसपास, त्याचे ०.१४ टक्के म्हणजे साधारण सव्वाशे ग्रॅम. आणि जेसी म्हणतोय सांडलं असेल, भांड्याला चिकटून राहिलं असेल. जेसी असं का म्हणतोय हे आपल्याला माहितीये, कारण तोच थोडं थोडं बाजूला काढतोय. म्हणजे वॉल्टला जी गडबड जाणवतेय ती खरीच आहे, फक्त तो चुकीच्या आरोपीच्या मागे लागलाय. समोर उभा असलेला चोर सोडून, माल दूषित होईल म्हणून माशी पकडायला निघालाय. 'माशी म्हणजे अपराधी भावनेचं प्रतीक' असं जिथे तिथे लिहिलेलं असतं, ते खोटं आहे असं मी म्हणत नाही, पण तेवढंच धरून बसलात तर हा साधा चोरीचा धागा हातातून निसटतो आणि मग सगळंच हवेत लिहिल्यासारखं वाटायला लागतं.

मधली पंधरा-वीस मिनिटं, म्हणजे बूट फेकणं, कठड्यावरून खाली पडणं, फटका थेट डोक्यात बसणं वगैरे, माझ्या मते जरा जास्तच ताणलीत. वॉल्ट झालेल्या ब्रायन क्रॅन्स्टनला विनोदाचं अंग आहे आणि ते त्याला दाखवायचं होतं हे ठीक, पण दोन प्रसंग कमी चालले असते. इथपर्यंत तुमच्या तक्रारीशी मी सहमत.

पण मग जेसी कॉफीत झोपेच्या गोळ्या घालतो आणि एपिसोड बदलतो. आता बघा, पोलीसवाल्या मालिकेत चौकशीचा सीन कसा असतो, एक टेबल, वर दिवा, समोर इन्स्पेक्टर, आणि आरोपी हळूहळू तुटतो. इथे अगदी तेच चाललंय फक्त इन्स्पेक्टर नाहीये आणि विचारणाऱ्याला आपण काय विचारतोय याचा पत्ताच नाहीये. जेसीला एवढंच हवंय की म्हाताऱ्याने झोपावं म्हणजे माल खराब व्हायच्या आत काम उरकता येईल. तो आपला मावशीच्या घराखाली शिरलेल्या त्या प्राण्याची, पॉसमची, गोष्ट सांगतोय. प्राणी पकडून नेला तरी मावशीला तो खाली आहेच असं वाटत राहिलं, मग कळलं की कॅन्सर मेंदूपर्यंत गेलाय. हळूच विचारून बघतोय की मिस्टर व्हाइट, तुम्ही डॉक्टरकडे जाऊन आलात का. किती प्रेमाने विचारतो तो! जेसी झालेल्या आरोन पॉलचं तिथलं काम मला त्याच्या रडण्या-ओरडण्याच्या सीनपेक्षा जास्त आवडतं.

आणि वॉल्ट उत्तर देतो ते वेगळंच. कॅन्सर त्यालाही आहे पण तो आटोक्यात आहे, तोच तर प्रॉब्लेम आहे. आपण जास्त जगलो असं त्याचं म्हणणं. मरायला एक योग्य क्षण होता आणि तो निघून गेला. मग तो मागे मागे जात तो क्षण शोधायला लागतो, पैसे पुरेसे जमलेले हवेत, बायकोला कळायच्या आधी हवं, मुलगी जन्मलेली हवी, असं करत करत एका रात्रीवर येऊन थांबतो. घरी टीव्हीवर हत्तींचा कार्यक्रम चालू आहे, बेबी मॉनिटरवरून बायको स्कायलर बाळाला अंगाई म्हणताना ऐकू येतेय. सुरुवातीला माशीवर वाजलेली तीच ही अंगाई. तिथवर जगलो असतो आणि पुढे एक सेकंदही नाही तर सगळं परफेक्ट झालं असतं, आणि त्या रात्री मी घराबाहेर पडायलाच नको होतं, तुझ्या घरी यायलाच नको होतं.

ती रात्र कुठली? दुसऱ्या सीझनचा बारावा भाग, 'फिनिक्स'. जेसीची मैत्रीण जेन नशेत उलटीत गुदमरून मेली आणि वॉल्ट पलंगाशेजारी उभा राहून बघत राहिला ती रात्र. नशेत झोपलेल्या जेसीला हलवून उठवताना त्याच्याच धक्क्याने ती उताणी झाली होती हेही लक्षात घ्या. शिवाय तिथे जायच्या आधी तो एका बारमध्ये बसला होता, शेजारी एक अनोळखी माणूस, दोघं पोरांबद्दल बोलले, त्याने मुलीबद्दल आणि याने 'पुतण्या' म्हणून जेसीबद्दल. तो माणूस जेनचा बाप होता. पुढे त्याच बापाच्या हातून कंट्रोल टॉवरमध्ये चूक होऊन दोन विमानं आदळली आणि १६७ माणसं गेली.

'फ्लाय'मध्ये वॉल्ट हे बारचं प्रकरण जेसीला सांगतो! मी पहिल्यांदा बघताना इथे ताडकन उठून बसलो होतो. गोळ्या चढलेल्या, जीभ जड झालेली, आणि तो आकडेमोड करतोय की हे घडण्याची शक्यता किती, विश्वात सगळं रँडम आहे, कणांची निरर्थक टक्कर आहे असं विज्ञान शिकवतं, मग ज्या रात्री त्या माणसाची मुलगी मेली त्याच रात्री मीच का त्याच्याबरोबर दारू पीत बसलो होतो. केमिस्ट्रीचा मास्तर आहे हो तो, त्याला हिशोबात न बसणारी गोष्ट सहन होत नाही, मग ती ०.१४ टक्के असो नाहीतर ही भेट असो. आणि खरा हिशोब तर त्याला माहीतच आहे, फक्त तो मोठ्याने म्हणायचा नाहीये.

मग शिडी. जेसी वर चढलाय, माशी छतावर, शिडी डगमगतेय, आणि ती खाली कोणी धरलीय तर अर्धवट झोपलेल्या वॉल्टने. तो म्हणतो, जेनबद्दल सॉरी. परत म्हणतो, खूप सॉरी. आणि वरून जेसी त्यालाच समजावतो की तुमची चूक नाही, माझी नाही, कोणाचीच नाही, तिचीसुद्धा नाही, दोन नशेबाज आणि बॅगभर पैसे, आठवड्यात दोघंही मेलो असतो, तुम्हीच म्हणाला होता ना. पण आठवण येते तिची.

बघा काय केलंय लिहिणाऱ्यांनी. पुढचं एक वाक्य वॉल्टच्या तोंडातून निघालं तर जेसी खाली उतरून त्याला मारून टाकेल आणि मालिका तिथेच संपेल. आणि बोलला नाही पण झोप लागून हात सुटला तर जेसी पडेल. अख्ख्या मालिकेत गोळीबार, बॉम्ब, ॲसिड सगळं आहे, पण शिडी धरून उभ्या असलेल्या माणसाएवढं टेन्शन मला दुसरीकडे फार कमी ठिकाणी आलंय. शेवटी तो एवढंच म्हणतो की खाली ये, सगळंच दूषित झालंय. जेसीला वाटतं लॅबबद्दल बोलतोय.

आता तुमच्या 'काही घडतच नाही'बद्दल. कबुलीजबाब घडता घडता राहिला, हीच त्यातली घटना आहे. तो राहिलेला कबुलीजबाब पुढे कुठे येतो आठवा. पाचव्या सीझनचा चौदावा भाग, 'ओझिमँडियस', सप्टेंबर २०१३. वाळवंटात जॅक या गुंडाची माणसं जेसीला घेऊन चाललीत आणि वॉल्ट थांबवून त्याला सांगतो की जेन मेली तेव्हा मी तिथे होतो, मी बघत होतो, वाचवू शकलो असतो, वाचवलं नाही. जी गोष्ट गोळ्यांच्या गुंगीत, पश्चात्तापाने, जवळपास प्रेमाने ओठांवर आली होती तीच तो शुद्धीत असताना चाकूसारखी वापरतो, फक्त समोरच्याला दुखवायला. 'फ्लाय' न बघता तो सीन बघितलात तर वॉल्ट नुसता नीच वाटेल. 'फ्लाय' बघून बघितलात तर कळतं की या माणसाकडे एकदा चांगल्या पद्धतीने बोलायची संधी होती. बरं, हा योगायोगही नाही, दोन्हींचा डायरेक्टर एकच, रायन जॉन्सन, आणि मॉयरा वॉली-बेकेट 'फ्लाय'च्या दोन लेखकांपैकी एक आणि 'ओझिमँडियस'ची एकटी लेखिका, त्यासाठी तिला एमी मिळालं. एकाला सगळ्यात कमी रेटिंग, दुसऱ्याला सगळ्यात जास्त. आपण प्रेक्षक पण ना!

अजून एक, शेवटाकडचा पार्किंगमधला सीन घाईत सोडू नका. झोप झाल्यावर वॉल्ट आडून आडून विचारतो की तू बाजूला काढत तर नाहीयेस ना, कारण काढत असशील तर मी तुला वाचवू शकणार नाही. जेसी म्हणतो, वाचवायला सांगितलंय कोणी. रात्रभर माशी माशी करणाऱ्याला चोर कोण हे एव्हाना कळलेलंच असतं असं माझं मत, तुमचं वेगळं असेल तर सांगा.

बघताना एवढं करा. आदल्या दिवशी 'फिनिक्स' बघून घ्या, निदान शेवटची पंधरा मिनिटं. सबटायटल लावा, गोळ्यांनंतर वॉल्ट पुटपुटतो आणि नेमकी महत्त्वाची वाक्यं तिथेच आहेत. मोबाइलवर जेवता जेवता बघणार असाल तर मात्र खरंच स्किप करा.