‘जिंकायलाच हवं’मधला ‘च’

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, क्लीव्हलंडच्या परिसरात समुपदेशन करू लागल्यापासून सप्टेंबर ते जानेवारी या महिन्यांत एक तक्रार मी इतक्या वेळा ऐकली आहे की, समोर बसलेल्या बाईंनी तोंड उघडण्यापूर्वीच मला ती ओळखू येते. ‘ताई, रविवारी ह्यांचा संघ हरला की बुधवारपर्यंत घरात कोणाची मोठ्याने बोलायची टाप नसते. एवढ्या शिकलेल्या माणसाला हे शोभतं का? हा काही आजार आहे का?’ घर मराठी असो, तेलुगू असो, की तीन पिढ्यांपूर्वी इथे आलेले पोलिश असो, प्रश्न हाच असतो.

बहुतेक वेळा हा आजार नसतो, एवढे मी पहिल्याच भेटीत सांगून टाकते. मात्र ‘खेळच तर आहे’ असे म्हणून तो उडवून लावण्यासारखाही नसतो. क्रिकेटमधला हरलेला संघ दोन-चार दिवसांत पुन्हा मैदानात उतरतो. अमेरिकन फुटबॉलच्या हंगामात २०२० पर्यंत प्रत्येक संघाला अवघे १६ सामने मिळत (२०२१ पासून ते १७ झाले आहेत) आणि आठवड्याला सामना एकच, त्यामुळे रविवारची हार पुढच्या रविवारपर्यंत उशाशी घेऊन निजावे लागते. त्यातून संघ क्लीव्हलंड ब्राउन्स असेल आणि साल २०१७ असेल, तर त्या उशाची कल्पनाच केलेली बरी. आदल्या हंगामात १६ पैकी एक विजय मिळाला होता. त्या वर्षी एकही मिळाला नाही.

त्या ऑक्टोबरात एक गृहस्थ पत्नीच्या आग्रहाने माझ्याकडे आले. यंत्ररचनेचे अभियंता, पन्नाशीला टेकलेले, बोलण्यात अतिशय सभ्य. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि अकरा भेटींतले चार-पाच संवादच येथे घेतले आहेत.) येताना त्यांनी एक वही आणली होती. दर सामन्यानंतर संघाचे काय चुकले ते तीत सुवाच्य अक्षरात लिहिलेले होते. २०१६ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी क्रमाने नवे खेळाडू निवडण्याच्या वार्षिक सोहळ्यात, हातात असलेली दुसऱ्या क्रमांकाची निवड फिलाडेल्फियाच्या संघाला देऊन टाकली आणि त्यांनी तिच्यावर कार्सन वेंट्झला घेतले. २०१७ मध्ये बाराव्या क्रमांकाची निवड ह्यूस्टनला दिली आणि त्यांनी डिशॉन वॉट्सनला घेतले. इकडे मात्र डिशोन कायझर या एकवीस वर्षांच्या नवख्या क्वार्टरबॅकला (म्हणजे चेंडू फेकून चढाई चालवणाऱ्या खेळाडूला) पुरेशा आधाराविना मैदानात लोटले, आणि त्या हंगामात सर्वाधिक, म्हणजे २२ वेळा, प्रतिस्पर्ध्यांनी ज्याचे पास झेलले तो हाच मुलगा ठरला. क्वार्टरबॅकची राखण करणाऱ्या जो थॉमस या लाइनमनचे सलग १०,३६३ स्नॅप, म्हणजे एकही न चुकवता खेळलेले डाव, २२ ऑक्टोबरला दुखापतीने थांबले, त्या पानावर तर फक्त तारीख आणि तो आकडा होता.

वही वाचताना माझ्या लक्षात आले की, या गृहस्थांची मते बव्हंशी बरोबर होती आणि माझी खरी अडचण तीच होती. चुकीचे मत असलेल्या माणसाला पुरावा दाखवता येतो. बरोबर मत असूनही जो त्या मताने पोळतो, त्याला काय दाखवायचे?

मी सुरुवातीला चुकले, हे कबूल केले पाहिजे. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली प्रसिद्ध केलेला एक अभ्यास माझ्या आवडीचा आहे. विद्यापीठाचा फुटबॉल संघ जिंकला की सोमवारी विद्यार्थी विद्यापीठाचे नाव असलेले कपडे अधिक घालून येतात आणि सामन्याविषयी बोलताना ‘आम्ही जिंकलो’ असे म्हणतात. हरल्यावर मात्र तो ‘आम्ही’ गळून पडतो. हे गृहस्थ हरल्यावरही ‘आपण हरलो’ असेच म्हणत होते. तेव्हा मी त्यांना आठवडाभर ‘ते हरले’ म्हणून पाहायला सांगितले. थोडे अंतर पडले की दाह कमी होईल, असा माझा हिशेब होता.

पुढच्या भेटीत ते म्हणाले, ‘नाही जमलं, मॅडम. आणि खरं सांगू? मला ते जमवायचंही नाही.’

‘का?’

‘मी १९९९ साली इथे आलो. जुना संघ १९९५ चा हंगाम संपल्यावर बाल्टिमोरला गेला होता आणि नवा संघही १९९९ लाच सुरू झाला. ऑफिसात मला कोणी जेवायला हाक मारत नसे. पहिला सामना आपण पिट्सबर्ग स्टीलर्सकडून ४३-० असा हरलो. सोमवारी शेजारच्या टेबलावरचा एक जण माझ्याकडे वळून म्हणाला, “बघितलंस ना, काय अवस्था केली त्यांनी आपली?” त्या “आपली”मध्ये मी होतो. या देशात मला पहिल्यांदा कोणी “आपल्या”त घेतलं ते असं.’

इंग्रजीत ‘वी’ हा एकच शब्द असल्याने त्या अभ्यासाला जो भेद दिसणे शक्य नव्हते, तो मराठीने माझ्यासमोर सहज मांडला. ‘आम्ही’मध्ये ऐकणारा बाहेर राहतो, ‘आपण’मध्ये तो आत येतो. या माणसाकडून मी ‘आपण’ काढून घेत होते आणि त्याला उपचार म्हणत होते! मी त्यांची क्षमा मागितली. समुपदेशकाने क्षमा मागू नये असे मानणारे काही सहकारी मला ठाऊक आहेत, पण मला तो संकोच कधी वाटला नाही.

मग दुखत होते ते नेमके कुठे? त्याचे उत्तर डिसेंबरात मिळाले. १० तारखेला ग्रीन बेविरुद्ध शेवटच्या चतुर्थकात २१-७ अशी आघाडी असताना संघ अतिरिक्त वेळेत २७-२१ असा हरला होता. गृहस्थ आले ते थेट वही उघडूनच. मी त्यांना ती मोठ्याने वाचायला सांगितली आणि एक लाल पेन त्यांच्या हाती दिले. ‘वाचताना जिथे “च” येईल तिथे गोल करा. बाकी काही करू नका.’

‘आघाडी टिकवायलाच हवी होती. अशा वेळी धोका पत्करताच कामा नये. आपल्यालाच असं का भोगावं लागतं? इतकी संधी मिळाल्यावर जमायलाच हवं होतं...’

तीन पानांत एकेचाळीस गोल झाले. ते पानांकडे बघत राहिले. मी काही बोलले नाही. अशा शांततेत घाई न करणे हे एवढ्या वर्षांत मला बऱ्यापैकी साधले आहे असे वाटते. बऱ्याच वेळाने त्यांनी शेवटच्या वाक्यावर बोट ठेवले.

‘हे मी कायझरबद्दल लिहिलंय. पण गेल्या महिन्यात गणिताच्या पेपरवरून मी मुलाला हेच बोललो होतो. शब्दन्‌शब्द हेच.’

त्यांचा अकरा वर्षांचा मुलगा त्या हंगामात रविवारी आपल्या खोलीत बसू लागला होता. त्याला खेळ आवडेनासा झाला, असा घरच्यांचा समज होता.

माझी घडण अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीत झाली आहे आणि ते मी लपवत नाही. जिंकावे ही इच्छा कितीही तीव्र असली, तरी तिचा भंग झाल्यावर माणूस हळहळतो, चुका मांडतो आणि सोमवारी कामाला लागतो. त्या इच्छेला ‘च’ चिकटला की ती मागणी होते, आणि मागणी नाकारली गेली की समोरचा गुन्हेगार ठरतो. मग तो प्रशिक्षक असो, एकवीस वर्षांचा क्वार्टरबॅक असो की अकरा वर्षांचा मुलगा. मी हे सांगून एलिस मूळचे पिट्सबर्गचे, असे ओघात म्हणून गेले, तेव्हा हे गृहस्थ त्या तीन महिन्यांत प्रथमच खळखळून हसले. ‘स्टीलर्सच्या गावचे? मग मी त्यांचं ऐकूच शकत नाही.’ आणि स्वतःच पेन उचलून हवेत एक गोल काढला.

घरच्यांना मी या प्रसंगावरून एवढेच सुचवीन की, माणसाचे संघावरील प्रेम कमी करण्याच्या भानगडीत पडू नये, कारण त्या प्रेमाच्या तळाशी पुष्कळदा एखादे जेवणाचे टेबल असते. सामना संपल्यावर तासाभरात समजूत घालायला जाऊ नये. सोमवारी सकाळी ‘काय चुकलं असं वाटतं तुम्हाला?’ असे विचारावे आणि उत्तर खरोखर ऐकावे, कारण मत मांडायला जागा मिळाली की त्यातला विखार बराच उतरतो. मात्र दारू वाढत असेल, हात उगारला जात असेल किंवा सामन्यावर पैसे लागत असतील, तर ही गोष्ट तेथे लावू नये. १ जानेवारी २०२३ पासून ओहायोत खेळांवरील पैजा कायदेशीर झाल्या आहेत आणि तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्या काही कुटुंबांचा प्रश्न हरण्याचा नसून कर्जाचा आहे. त्याला वेगळी मदत लागते आणि ती लवकर घ्यावी लागते.

३१ डिसेंबरला पिट्सबर्गमध्येच सोळावी हार झाली. ६ जानेवारी २०१८ रोजी चाहत्यांनी ‘परिपूर्ण हंगामा’ची मिरवणूक काढायचे ठरवले होते, स्टेडियमभोवती गोल फिरायचे, म्हणजे शून्य पुरे होते. आमच्या गृहस्थांना ती कल्पना अपमानास्पद वाटत होती. ‘आपणच आपली धिंड काढायची?’

मी विचारले, ‘धिंड दुसरे काढतात. आपण आपली काढली तर तिला काय म्हणायचं?’

ज्याची लाज वाटते ते मुद्दाम चारचौघांत करून पाहावे, म्हणजे लाजेने कोणी मरत नाही हे कळते, हा एलिस यांचा एक आवडता स्वाध्याय होता. येथे तो हजारो लोक एकत्र करणार होते, तोही हाडे गोठवणाऱ्या थंडीत. गृहस्थ गेले आणि मुलालाही घेऊन गेले. पुढच्या भेटीत त्यांनी मिरवणुकीचे वर्णन फारसे केले नाही. येताना गाडीत मुलाने पुढच्या ड्राफ्टमध्ये कोणाला घ्यावे यावर अर्धा तास व्याख्यान दिले आणि त्यातली निम्मी मते आपल्याला साफ अमान्य होती, एवढेच त्यांनी सांगितले. त्यांचा चेहरा मात्र वेगळा होता.

भेटी तेथेच थांबल्या. त्यानंतर एकदाच त्यांचा फोन आला, २१ सप्टेंबर २०१८ ला. आदल्या रात्री, गुरुवारी, न्यूयॉर्क जेट्सविरुद्ध ०-१४ अशी पिछाडी असताना बेकर मेफिल्ड हा नवा क्वार्टरबॅक मैदानात उतरला होता आणि ६३५ दिवसांनंतर संघ २१-१७ असा जिंकला होता. मी अभिनंदन केले.

‘शाळेचा दिवस होता, त्यामुळे मुलगा चौदा-शून्य असतानाच झोपायला गेला,’ ते म्हणाले. ‘जिंकल्यावर मी त्याच्या दाराशी जाऊन उभा राहिलो आणि तसाच परत आलो. सकाळी भडकला ना माझ्यावर! म्हणतो, “बाबा, तुम्ही मला उठवायलाच हवं होतं.”’