मोठ्या अपघातानंतर रक्तातले गोठण्याचे घटक का कमी होतात? जखम भरायला त्यामुळे उशीर होतो का?

सोलापूर-पुणे हायवेवरच्या अपघातात तुमच्या भावाच्या मांडीचं हाड मोडलं आणि रिपोर्टमध्ये फायब्रिनोजेन (रक्त गोठवणारं एक प्रथिन) कमी आलं, म्हणून तुम्ही विचारलंय. मोठ्या रक्तस्रावात हे बऱ्याचदा दिसतं. त्याला आधीपासून रक्ताचा आजार होता, असा त्याचा अर्थ नाही.

फायब्रिनोजेनपासून फायब्रिनचे धागे बनतात. रक्त थांबतं ते त्यांच्यामुळे, आणि नव्या पेशी जखमेत शिरतात त्याही याच जाळीवरून. निरोगी माणसात ते दर १०० मिलिलिटर प्लाझ्मात (रक्ताच्या पातळ भागात) साधारण २०० ते ४०० मिलिग्रॅम असतं. जबर मार लागला की ते सगळ्यात आधी घसरतं: काही वाहून जातं, काही गुठळ्यांत खर्च होतं, सलाईनने उरलेलं पातळ होतं. शिवाय शरीर स्वतःच गुठळ्या विरघळवू लागतं. म्हणून ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड हे गुठळ्या विरघळणं रोखणारं औषध पहिल्या ३ तासांत देतात. नंतर फायदा राहत नाही. अंग गार पडलं तर गोठणं आणखी मंदावतं, म्हणून पांघरूण हाही उपचारच. प्लेटलेट थकल्या की जखम भरणारे वाढ-घटकही कमी सुटतात.

रक्तस्राव थांबल्यावर मात्र यकृत फायब्रिनोजेन जोरात बनवतं आणि काही दिवसांत ते नेहमीपेक्षा वाढतं. तेव्हा धोका उलटा, पायात गुठळी होण्याचा. रक्त पातळ करणारं इंजेक्शन त्यासाठीच असतं, तेव्हा ते मनाने बंद करू नका.

जखम भरण्यासाठी प्रथिनं हवीत: अंडी, डाळ, दूध, नुसत्या भाकरी-चटणीवर भागणार नाही. शुगर तपासून घ्या. पोटरी सुजली किंवा दम लागला तर लगेच डॉक्टरांना सांगा.