डिसेंबरात चार दिवस कोकणात येऊन गरीने मासे आणि स्वतःच्या हाताने तिसऱ्या-कालवं काढायची आहेत, कधी यावं?

तुमचा प्रश्न असा आहे: पुण्याहून चार जण, चार दिवस, गरीने मासे धरायचे, तिसऱ्या आणि कालवं स्वतः काढून खायची, अनुभव शून्य, तर महिना आणि तारखा कोणत्या धराव्यात?

महिना तुम्ही बरोबर निवडलाय. तारखा मात्र ऑफिसच्या रजेवरून काढू नका, तिथीवरून काढा. रत्नागिरीकडच्या खाडीकाठच्या गावात लग्न होऊन आले तेव्हा मीही रविवार बघून सासूबाईंना म्हटलं होतं, आज जाऊया का मुळ्यांना? त्या म्हणाल्या, "पानी काय तुज्या रजेसाठी थांबनार हाय?" त्या दिवशी अष्टमी होती, पाणी फारसं उतरणारच नव्हतं. (तिसऱ्यांना आमच्याकडे मुळे म्हणतात. बाजारात विचारताना गोंधळू नका.)

हिशेब सोपा आहे. तिथीचा आकडा घ्या, त्याची पाऊणपट करा, ती साधारण भरतीची वेळ. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे सहाला भरती पूर्ण आणि बाराच्या पुढे ओहोटी पूर्ण. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा धरायचे, सव्वाअकरा येतात. पुन्हा प्रतिपदेपासून एक. हा अंदाज आहे, दहा-वीस मिनिटं किंवा थोडं जास्तही इकडेतिकडे होतं. म्हणून जवळच्या बंदराचं भरती-ओहोटीचं वेळापत्रकही बघा. पण चार महिने आधी भिंतीवरच्या कालनिर्णयातून सुट्टी ठरवायला एवढं पुरतं.

आता मुळ्यांना आणि कालवांना पाणी खूप उतरलेलं हवं, म्हणजे उधाणाचे दिवस. पण ऐन पौर्णिमेला ओहोटी पहाटे साडेपाचच्या सुमारास, डिसेंबरात मिट्ट काळोख. उधाणाचा जोर पौर्णिमेनंतरही एक-दोन दिवस असतो. द्वितीयेला भरती दीडला, म्हणजे सकाळची ओहोटी पावणेआठच्या आसपास. तृतीयेला साडेआठ. उजेड आहे, ऊन तापलेलं नाही, पाणी चांगलं मागे गेलंय. नवख्या माणसाने हेच दोन दिवस धरावेत, पौर्णिमेनंतरचे किंवा अमावास्येनंतरचे.

गरीचं उलट. उधाणात खाडीच्या तोंडाला ओढ एवढी असते की शिसं तळाला टिकत नाही, तंगूस (गरीची नायलॉनची दोरी) वाहत जातो आणि खडकात अडकतो. तुमच्यासारख्यांना भांगाकडे (अष्टमीच्या आसपास पाणी कमी चढतं-उतरतं, तो भांग) झुकणारं पाणी बरं. चतुर्थी-पंचमीला भरती तीन-पावणेचारला, तेव्हा सकाळी दहापासून चढतं पाणी मिळतं, पण माथ्यावर ऊन. रजा दोन दिवस वाढवता आली तर षष्ठी-सप्तमीला भरती साडेचार ते सव्वापाचला येते. आमच्या घरातली पुरुषमंडळी गरवायला जातात ती याच वेळा बघून. आमिषाला ताजी कोळंबी. नशीब असेल तर तांबोशी किंवा गोबरा, नसेल तर शिंगाळा. शिंगाळा हाताने सोडवायला जाऊ नका: पाठीवर एक आणि बाजूला दोन असे तीन काटे असतात आणि ते विषारी असतात. लागलाच तर सोसेल तितक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवायचा आणि डॉक्टर गाठायचा. शिंगाळ्याच्या तोंडात गोट्यांएवढी अंडी दिसली तर तो नर आहे, पिल्लं सांभाळतोय, त्याला परत सोडा.

बाकी वर्षाचं थोडक्यात. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना बंदी असते, आणि बंदी कागदावर उठली तरी नारळी पौर्णिमेपर्यंत इथे कोणी घाई करत नाही. ऑगस्ट-सप्टेंबरात उथळ पाण्यात पाकटं (शेपटीला विषारी काटा असलेले चपटे मासे) आणि निळी बाटली म्हणजे ब्लू बॉटल यांसारखे डंख मारणारे जीव येतात. 2013 च्या गणेश विसर्जनात गिरगाव चौपाटीवर पाकटांनी कित्येकांना डंख मारले होते. पाण्यात चालताना पाय उचलून टाकू नका, घासत न्या, म्हणजे पाकट आधीच सरकतं. कार्तिकापासून माघापर्यंत समुद्र शांत. मे महिन्यात मुलांच्या सुट्टीमुळे सगळे येतात, पण दुपारनंतर वारा सुटतो आणि महिनाअखेर खडकांवर उभं राहायची सोय नसते.

आता कालवांबद्दल, कारण यातच लोक फसतात. कालव, मुळे हे सगळे जीव पाणी गाळून खातात. पाण्यात जे असेल ते त्यांच्या पोटात. शहराचा नाला जिथे सुटतो, बंदर जिथे आहे, तिथलं काहीही काढू नका, ती कितीही टपोरी असोत. अवकाळी पाऊस पडून गेला असेल तर तो बेत रद्द करा. आम्ही एकदा पावसानंतर दुसऱ्याच दिवशी काढली आणि घरातले पाच जण दोन दिवस आडवे. पाण्याचा रंग लालसर-तपकिरी दिसला तर अजिबात नाही. काही सूक्ष्म शेवाळांचं विष शिजवूनही जात नाही. 1983 साली मंगळूरच्या दक्षिणेला कुंबळ्यात शिंपल्या खाऊन असाच मृत्यू झाला होता.

पायात चप्पल नको, जाड तळाचे बंद बूट हवेत. कालवाची कड ब्लेडसारखी असते, माझ्या टाचेवर अजून खूण आहे. आणि ओहोटी पूर्ण झाली की अर्ध्या तासात परत फिरा. पाणी पहिल्या तासात हललेलंही कळत नाही, पण तिसऱ्या-चौथ्या तासात निम्मी भरती येते, आणि तुमच्या मागची खाच तुमच्या पुढच्या खडकाआधी भरते.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत. मुळे-कालवं काढणं हा इथे बायकांचा धंदा आहे, तासन् तास वाकून केलेला. गावातल्या एखादीला विचारा, तिच्या वेळेचे पैसे द्या, तिच्यासोबत जा. ती दाखवेल ती जागा आणि ती म्हणेल तेवढंच. एका जेवणापुरतं घ्या, अंगठ्याच्या नखाएवढे मुळे तिथेच वाळूत सोडा. केरळात अष्टमुडी तलावात डिसेंबर ते फेब्रुवारी शिंपल्या काढायला बंदी असते, आणि 2014 मध्ये त्या मासेमारीला आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालं. आपल्या राज्यानेही 2023 मध्ये 54 जातींच्या माशांचं किमान आकारमान ठरवलंय, तेव्हा गरीला बोटभर पिल्लू लागलं तर फोटो न काढता सोडा. मालवणला जाणार असाल तर सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा भाग 1987 पासून सागरी अभयारण्य आहे, तिथे गरी टाकण्याआधी चौकशी करा.

घरी आणलेले मुळे रात्रभर खाडीच्याच पाण्यात ठेवा, गोड्या पाण्यात नको, म्हणजे रेती टाकतील. सकाळी ज्याचं तोंड उघडं आहे त्याला टिचकी मारा. मिटला तर घ्या, नाही मिटला तर फेका. मग एकशिपी (एका शिंपल्यासकट केलेलं कालवण) करा, ओलं खोबरं जरा सढळ हाताने.